पाणी चढत नाही

पहाटे साडेचारला मी गच्चीवर जातो.
मे महिन्यात मेकोसाबागेत तेवढाच काय तो गारवा.
तिकडे यार्डात मालगाडीचे डबे एकमेकांना आपटतात
आणि मी म्हणतो, हे बापा.

पुढे काही येत नाही.
म्हणजे शब्द येतात, चाळीस वर्षांचे पाठ शब्द,
मंडळीसाठी, पाळकसाहेबांच्या गुडघ्यासाठी,
पुण्याला गेलेल्या पोरीसाठी,
ओळीने येतात, ओळीने जातात,
आणि मला माझाच आवाज ऐकू येतो
कोरड्या कूलरसारखा:
पंखा जोरात, खोलीभर गरम वारा.

कूलर माझा धंदा, प्रभू, तुला ठाऊक आहे.
वाळा बदलतो, पत्रा रंगवतो,
हात लावून सांगतो बिघाड कुठे आहे.
गिऱ्हाईक म्हणतं, याकोबभाऊ, पंखा बदला.
मी म्हणतो, पंख्याचं काही नाही.
खाली टाकीत पाणी आहे,
वर चढत नाही.

मार्चात तू एकदाच बोललास.
प्रभुभोजनाची थाळी माझ्या हातात होती,
समोर रूथबाई ढोके,
मिशनच्या शाळेत घंटा वाजवून रिटायर झालेली.
तिच्या कूलरात मी जुना पंप बसवला होता घासूनपुसून,
नव्याचे साडेचारशे घेऊन.
तिनं मान खाली घालून भाकरीचा तुकडा उचलला.
तू म्हणालास, सांग तिला.

मग मी तुझ्याशी घासाघीस केली.
बुधवारचा उपास धरला.
मंडळीचे दोन्ही कूलर फुकट दुरुस्त केले.
दशमांशाच्या पाकिटात साडेचारशे जादा टाकले, नाव न लिहिता.
दुसरं काही सांग, म्हटलं,
कठीण सांग,
गडचिरोलीला पाठव, जंगलात पत्रकं वाटतो.
तू गप्प.
रागानं नव्हे, असं आता वाटतं.
तुझं सांगून झालं होतं.

काल दुपारी दोनला निघालो.
डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा,
रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, सगळी नालीत उतरलेली.
डिकीत नवा पंप, खरंच नवा, खोक्यासकट.
वाटभर पाठ केलं होतं काय बोलायचं.
दार उघडलं तर तोंडातून एवढंच,
बाई, तो पंप जुना होता.

माहीत हाये, ती म्हणाली.
पहिल्याच दिवशी कळलं. म्हातारा खोकलते तसा आवाज.

मग बोलल्या काहून नाही?

दर महिन्याला तुमच्याच हातून थाळी घ्याची होती न, भाऊ.

मला खाली बसावं लागलं.
तिनं लोटाभर पाणी दिलं.
माफ केलं असं काही म्हणाली नाही.
पैसे राहू द्या, असंही नाही.
मोजून घेतले, चहाच्या डब्यात टाकले,
आणि म्हणाली, आता आलेच हात तर मोरीच्या नळाकडंही पाहा.

पंप बसवला. पाईप थरथरला.
पाणी वर गेलं, आणि सुक्या वाळ्यातून
थेंब उतरू लागले,
वास सुटला खोलीभर.
रूथबाई वाऱ्यात तोंड धरून उभी राहिली,
डोळे मिटून, पदर खाली घसरलेला.
माझ्या हातात पान्हा होता, तोंडात एक शब्द नव्हता,
तरी मला वाटलं
मार्चापासून पहिल्यांदाच मी काही म्हटलं तुला.

आज पहाटे परत गच्ची.
हे बापा, म्हटलं
आणि पाठ शब्द आणलेच नाहीत.
बराच वेळ कोणी काही बोललं नाही.
बरं वाटत होतं.

मग यार्डात डबे आपटले, त्याच सुमारास
कामठीचा धाकटा आठवला.
आईच्या मातीपासून आमचं बोलणं नाही.
का आठवला, ते विचारलं नाही मी.

अजून उजाडायचं आहे.
चप्पल बहुतेक जिन्याखाली असेल.